नदीपलीकडची आंघोळ

माझ्या डोक्यावर ग्लाशा राहते. ती न्हायला बसली की माझ्या न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकतं. पहिला थेंब पडला की मी खुंटीवरची मोठी पळी काढते आणि भिंतीतून वर जाणाऱ्या पाइपवर तीनदा हाणते. वरून उत्तर म्हणून दोनदा ठणठण येतं. म्हणजे, 'ऐकलं गं, झालंच माझं.' झालेलं काही नसतं. आमच्या इमारतीत टेलिफोन आले, गेले, बदलले, पण एकमेकींशी बोलायला आम्हाला हा पाइपच बरा वाटतो. गरम पाण्याचा आहे आणि आमच्याच वीजघरातून आलेला आहे.

आमचं म्हणजे लिपोव्स्कचं. मी तिथल्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं कोबीचं सार ढवळलं, त्यामुळे 'आमचं' म्हणायचा हक्क मला आहे. ग्लाशाचा तर त्याहून मोठा. पूर्ण नाव ग्लाफिरा सावेल्येव्हना. तिचे वडील सावेली लढाई संपल्यावर फावडं घेऊन इथे आले आणि वीजघराचा पाया खणणाऱ्यांत उभे राहिले. ती जन्मली तेव्हा पहिलं धुराडं अर्ध्यावर आलं होतं. तिची आई सांगायची, पोर पाळण्यात रडायला लागली की मी तिला बराकीच्या खिडकीशी नेऊन धुराडं दाखवायचे. पोर गप्प व्हायची. ग्लाशा म्हणते, सगळी थाप आहे, पण सांगताना तिचा चेहरा खुलतो.

वीज करून झाल्यावर उरलेल्या वाफेवर पाणी तापवायचं आणि ते जाड पाइपांतून गावभर फिरवून घरं ऊबदार ठेवायची, ही युक्ती आमच्या लोकांना आधी पटेना. पहिल्या वर्षी फक्त एका रस्त्याला गरम पाणी दिलं, आणि त्या रस्त्यावर सावेलीला खोली मिळाली होती. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. ग्लाशाच्या आजीने त्याला हात लावला आणि म्हणाली, "सकाळपर्यंत निवेल." सकाळी ती जन्मभराच्या सवयीने उजाडायच्या आत उठली, चुलीत लाकडं घालायला गेली, तर खोलीत चूलच नाही. रेडिएटर गरमच. ती जराशी उभी राहिली, मग परत जाऊन पांघरुणात शिरली. चांगलं लख्ख उजाडेपर्यंत झोपलेली आजी घरातल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि ग्लाशाची आई घाबरून तिचा श्वास बघायला गेली. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी पिरोगचं, म्हणजे सारण भरलेल्या पावाचं, पीठ फुगायला त्या रेडिएटरवर ठेवायला लागली. वीजघराला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं मला माहीत नाही.

अर्थात आम्ही बायकांनी त्याला शिव्याही पोटभर घातल्या. तेव्हा वीजघर कोळसा खायचं. सकाळी पडलेला बर्फ दुपारी राखाडी व्हायचा आणि दोरीवर वाळत घातलेली चादर पांघरायच्या लायकीची राहायची नाही. मग उत्तरेकडून गॅसची लाइन आली आणि त्या हिवाळ्यात बर्फ पांढराच राहिला. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर. तोवर ग्लाशा तंत्रशाळा शिकून वीजघरात कामाला लागली होती. शिफ्ट सुटल्यावर आम्ही फाटकाबाहेर आलो तर हिशेबनीस, फोरमन, वेल्डर, सगळी बाप्ये माणसं बर्फाचा माणूस करत होती. ग्लाशाने त्याला माझी कॅन्टीनची टोपी घातली. मी ती परत मागितली नाही, तिथेच राहू दिली.

तिचं काम म्हणजे शहराला पाणी धाडायचं. भिंतभर मोजमापाची घड्याळं, त्यांतली दोन तिची लाडकी. एकात दिसायचं, आपण पाणी किती गरम पाठवलं. दुसऱ्यात दिसायचं, ते गावभर फिरून किती निवून परत आलं. बाहेर थंडी वाढली की हिने पाठवायचं पाणी वाढत्या तापाचं. कॅन्टीनमध्ये ती थाळी घेऊन यायची आणि सांगायची, "आज फारच थंड परत आलंय बघ. लोकांनी काय खिडक्या उघड्या टाकल्यात की काय." गावातल्या प्रत्येक घरात जाऊन आल्यासारखं बोलायची. तिचं स्वतःचं घर मात्र रिकामं होतं. लग्न झालं होतं एकदा. नवरा पैसे मिळवायला पार उत्तरेला गेला, तिथली थंडी आपल्याला मानवते असं त्याच्या लक्षात आलं आणि तो तिकडेच राहिला. ग्लाशा म्हणाली, "ज्याला थंडी मानवते, त्याचं माझ्याकडे काय काम?" आणि विषय संपवला. पण मी तिच्या खालीच राहते. संध्याकाळी वर एकाच माणसाची पावलं वाजतात ते मला ऐकू यायचं, आणि मला ते आवडायचं नाही.

आता जुलैचं सांगते, कारण सगळी गोष्ट जुलैतली आहे. दर जुलैत आमचं वीजघर गावाचं गरम पाणी बंद करतं. वर्षभर पाइप राबलेले असतात. त्यांत गार पाणी जोर लावून भरायचं, कुठे फुटतात बघायचं, डागडुजी करायची. दोनेक आठवडे तरी हे चालतं. अंगणात मध्येच कारंजं उडतं, पोरं त्यात नाचतात, म्हाताऱ्या बाकावरून वीजघराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. घराघरात गॅसवर पातेली चढतात. आणि ज्यांच्याकडे बंबाचं पाणी असतं त्यांच्याकडे लोक आंघोळीला जातात. पिशवीत टॉवेल, स्पंज, सपाता आणि यजमानांसाठी काहीतरी खायचं. रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. आंघोळ झाली की यजमान म्हणतात, वाफ हलकी लाभो, मग चहा, मग मुरंबा, मग गप्पा, आणि जाताना डोकं पुरतं वाळलेलं असतं. दुरावलेले भाऊ, बोलणं टाकलेल्या विहिणी, सगळे जुलैत एकमेकांकडे जातात. आमच्या गावात रुसवा फार तर जूनपर्यंत टिकतो.

नदीपलीकडच्या झारेच्येत मात्र आमचं पाणी पोचत नव्हतं. तिथे एक छोटं बॉयलरघर होतं. कोळशावर चालायचं, पत्र्याचं धुराडं, आणि ते जुलैतही चालू. वीजघरातली माणसं त्याला 'समोवार', म्हणजे चहाचं पाणी उकळायचा बंब, म्हणून हिणवायची, आणि तिकडची माणसं वीजघराला 'हत्ती' म्हणायची. त्याच्या भट्टीवाल्यांसाठी तिथे एक न्हाणीघर होतं, आणि आमचं पाणी गेलं की समोवारचा प्रमुख ते सगळ्यांना मोकळं करायचा. हा प्रमुख म्हणजे रोदिओन कुझ्मिच. विधुर, उंच, वाकून चालणारा, भुवयांत कायम कोळशाची भुकटी. न्हाणीघराच्या फरशा त्याने स्वतः बसवल्या होत्या, जिथे जे तुकडे मिळाले ते. एक भिंत निळी, एक हिरवी, आणि दाराशी कुठल्याशा पाडलेल्या दुकानातल्या फरशीवर अर्धा मासा.

सगळं गाव तिथे जायचं, फक्त ग्लाशा नाही. "वीजघराच्या माणसाने समोवारवर आंघोळ करायची? त्यापेक्षा मी केस कापून टाकीन." एका वर्षी तिने उकळत्या पातेल्यावर हात भाजून घेतला, तेव्हा मी तिची पिशवी भरली आणि तिला ओढत बसमध्ये बसवलं.

रोदिओन कुझ्मिच दाराशी स्टुलावर बसला होता. त्याने आम्हाला आपादमस्तक पाहिलं. मी त्याला माहीत होते. ग्लाशाच्या कोटावरचा वीजघराचा बिल्ला त्याला दिसला.

"या, या," तो म्हणाला. "हत्ती आजारी पडला वाटतं?"

"आजारी नाही," ग्लाशा म्हणाली. "दात घासतोय. वर्षातून एकदा घासतो. तुमच्या समोवारला दातच नाहीत, तुम्हाला काय कळणार?"

"दात नाहीत म्हणून तर कुणाला चावत नाही. आमच्याकडे बायका हात भाजून घेत नाहीत."

तिने पट्टी बांधलेला हात मागे घेतला. मला वाटलं, आता ही परत फिरते. पण ती आत गेली, आणि इतका वेळ बाहेर आली नाही की रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या. बाहेर आली तेव्हा गाल लाल, डोक्याला टॉवेल. रोदिओन कुझ्मिच उठून उभा राहिला. "वाफ हलकी लाभो."

"मासा अर्धाच का?" तिने विचारलं.

"उरलेला सापडला नाही. शोधतोय."

एवढंच. पण पुढच्या जुलैत पाणी बंद झालं त्या दिवशी मी वर गेले तर हिची पिशवी दाराशी तयार, आणि ओव्हनमधून कोबीच्या पिरोगचा वास. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दोन आठवड्यांत ती चार-पाचदा नदी ओलांडायची. तो हत्तीची चौकशी करायचा, ती समोवारवाल्याला पाठ ताठ करायला सांगायची, मग दोघं अंगणात उलट्या पिंपावर बसून चहा प्यायची. ऑगस्ट लागला की सगळं बंद. अकरा महिने एकमेकांचं तोंड बघायची नाहीत.

"अगं, तू नुसती जा ना तिकडे," मी म्हणायचे. "पूल काय जुलैपुरताच बांधलाय?"

"आणि सांगू काय? कशाला आले म्हणून?"

"चहा प्यायला."

"चहा माझ्याकडे आहे."

अशी ही माणसं. कारणाशिवाय दार ठोठवायचं म्हणजे यांच्या अंगावर काटा येतो. तो तिच्याहून वरचढ. समोवारच्या भिंतीला लागून त्याने काचेचं खोपटं केलं होतं, वाया जाणाऱ्या वाफेवर त्यात काकड्या लावायचा. दर आठ मार्चला, बायकांच्या सणाला, बाहेर बर्फाचे ढीग असताना, बसचा ड्रायव्हर एक कागदी पिशवी आणून ग्लाशाच्या दारात द्यायचा. आत हिरव्यागार काकड्या. एक फोडली की सगळ्या जिन्यात उन्हाळ्याचा वास. "समोवारवर येणाऱ्या सगळ्याच बायकांना धाडतो तो," ग्लाशा म्हणायची. मी चौकशी केली. मला मिळाली नव्हती, माझ्या वहिनीला मिळाली नव्हती, नदीच्या आमच्या अख्ख्या काठावर एकाही बाईला मिळाली नव्हती. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने मला अर्धी काकडी कापून दिली, तोंड बंद ठेवायला.

मग बातमी आली. वीजघराचं पाणी पुलावरून झारेच्येत न्यायचं ठरलं. तिसरं धुराडं उभं राहिलं होतं, वाफ भरपूर होती, आणि समोवारच्या काजळीला तिकडचे लोक विटले होते. कॅन्टीनमध्ये सगळे खूश. ग्लाशानेही टाळ्या वाजवल्या. खरं तर गेली कित्येक वर्षं हेच व्हावं म्हणून ती मीटिंगांत भांडली होती. मग ती खिडकीशी जाऊन बसली आणि माझं सार तिने तसंच ठेवलं. माझं सार कुणी टाकलं की मला राग येतो, म्हणून मी जाऊन विचारलं.

"समोवार बंद होणार," ती म्हणाली.

"होऊ दे की. तुझ्या मनासारखं झालं."

"त्याची बहीण अनापाला आहे. समुद्राकाठी. घर आहे, बाग आहे. समोवार बंद झाला की मी तिकडे जाणार, असं तो दर वर्षी म्हणतो." मग थोडं थांबून, "आणि जुलैत आता दोन्हीकडे एकदमच पाणी जाणार. आंघोळीला जायचं कुठे?"

मला एकाच वेळी तिची दयाही आली आणि तिच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटला. स्वतःच्या हाताने पाइप ओढून ही आपली वाट बंद करत होती.

पाइप शरद ऋतूत पोचला. पुलाशी बँड होता, भाषणं होती, लाल फीत होती. ग्लाशा तिथे नव्हती, ती आपल्या घड्याळांपुढे होती. व्हॉल्व्ह तिच्याच हुकमाने उघडायचा होता. मी तिच्यासाठी जॅमची बिस्किटं घेऊन वर गेले होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. पाणी सुटलं. मग टेलिफोन वाजला. तो खरखरणारा फोन साऱ्या खोलीला ऐकू यायचा.

"ग्लाफिरा सावेल्येव्हना, समोवारवरून बोलतोय. पाणी आलं."

"गरम आहे?"

"हात ठेवता येत नाही."

"मग बरोबर आहे." थोडा वेळ नुसती खरखर. "भट्टी विझवलीत?"

"विझवतोय. आत बटाटे भाजायला टाकलेत, तेवढे झाले की." पुन्हा खरखर. "चांगलं पाणी आहे, ग्लाफिरा सावेल्येव्हना. आमच्यापेक्षा चांगलं."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता बिस्किटं खायला लागली. पाचही खाल्ली. दुःखात खाणारी बाई सुधारण्यातली असते, असा माझा अनुभव आहे.

समोवार पाडला नाही. तिथे पंप बसवले आणि ते बघायला माणूस हवा होता. रोदिओन कुझ्मिचला विचारलं. तो म्हणाला, पाइपचं पहिलं वर्ष आहे, लक्ष द्यायला हवं, उन्हाळ्यापर्यंत थांबतो, मग अनापा. आणि रोज सकाळी त्याने वीजघराला फोन करून झारेच्येत पाणी किती गरम पोचलं ते सांगायचं, असा नियम झाला. नियम झाला म्हटल्यावर काय, कारण मिळालं. तो आकडा सांगायचा, ही म्हणायची ठीक. तो म्हणायचा, तुमच्याकडे बर्फ आहे? ही म्हणायची, आहे, तुमच्याकडे? मधे नदी फक्त, पण दोघं दोन देशांत राहत असल्यासारखी हवामान विचारायची. सगळी खोली कान टवकारून असायची. फेब्रुवारीत एकदा तो म्हणाला, "आज एक अंश जास्त आलाय." ग्लाशा म्हणाली, "तुमच्याकडे वारा होता म्हणून वाढवून पाठवलं." त्या दिवशी मुख्य इंजिनियर कॅन्टीनमध्ये येऊन मला म्हणाला, "न्यूरा स्तेपानोव्हना, या दोघांचं काही करा हो, माझी माणसं कामं सोडून फोन ऐकतात." मी काय करणार? खोपट्यातल्या काकड्या आता आमच्याच वाफेवर वाढत होत्या आणि आठ मार्चला नेमाने आल्या.

मेमध्ये त्याने फोनवर सांगितलं की अनापाचं तिकीट काढलं. जुलै अखेरचं. ग्लाशा म्हणाली, ठीक. आकडा ऐकून म्हणायची तसंच.

आणि जुलै उजाडला. सकाळी ग्लाशाने दोन्ही काठांचं गरम पाणी बंद केलं. स्वतः हुकूम दिला, स्वतः काटा खाली येताना पाहिला. दुपारी मी दारापुढच्या बाकावर वाटाणे सोलत बसले होते, तर ही जिन्यातून खाली. हातात पिशवी. पिशवीतून टॉवेल दिसतोय, सपाता दिसताहेत, आणि कोबीच्या पिरोगचा वास.

"कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? आंघोळीला. समोवारवर."

मी तोंड उघडलं. समोवार थंडगार पडलाय, तूच बंद केलंस बये, असं ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा जागच्या जागी राहिली. "जा," मी म्हटलं. "सावकाश ये." ती बसमध्ये चढली.

वाटाणे संपत आले तेवढ्यात पुलाकडून दुसरी बस आली आणि तिच्यातून वाकून रोदिओन कुझ्मिच उतरला. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात दोरीने बांधलेलं केकचं खोकं. वाटाण्याची टोपली माझ्या मांडीवरून घसरली.

"ग्लाफिरा सावेल्येव्हना घरी आहेत?"

"येईल इतक्यात. चला, माझ्याकडे बसा." मी त्याला बाहीला धरून आत नेलं, स्वयंपाकघरात बसवलं आणि पुढ्यात साराचा वाडगा ठेवला, म्हणजे उठता येऊ नये. "काय काम काढलंत?"

त्याने स्वतःच्या टॉवेलकडे पाहिलं. "आंघोळीला आलो होतो."

"रोदिओन कुझ्मिच, झारेच्येत पाणी बंदची नोटीस कुणी चिकटवली?"

"मी."

"काय लिहिलंय तिच्यात?"

"दोन्ही काठांना गरम पाणी मिळणार नाही."

"मग?"

त्याने चमचा साराभोवती फिरवला. "मला वाटलं, वीजघराच्या माणसांकडे थोडं शिल्लक असेल." मग मान वर केली. "त्या गेल्यात कुठे?"

"आंघोळीला."

"कुठे?"

"तुमच्याकडे."

चमचा खाली पडला. तो उठलाच. मी स्टूल ओढून दाराला लावलं आणि त्यावर बसले. "बसा खाली. आता तुम्ही तिकडे गेलात की ती इकडे येईल, आणि तुम्ही दोघं थंडी पडेपर्यंत पुलावर बसचं भाडं भरत राहाल. इतकी वर्षं थांबलात ना? सार संपेपर्यंत थांबा."

तो बसला. सार संपलं. मी परत वाढलं. तेही संपलं. तिकडे ही बाई त्या बंद दारापुढे काय करत असेल काही सांगता येत नव्हतं. शेवटी जिन्यात पावलं वाजली, जड, रागीट. मी दार उघडलं. ग्लाशा आत शिरता शिरता बोलायला लागली.

"न्यूरा, कुलूप! समोवारला कुलूप लावलंय. गेला तो. तिकीट महिनाअखेरचं म्हणाला आणि आधीच गेला. निदान माणसाने फोन करून एक शब्द तरी—"

मग तिला तो दिसला. टेबलाशी, सार पितोय, खांद्यावर टॉवेल. ती दारात थांबली. तिचे डोळे लाल होते.

"तुमच्या डोळ्यांना काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तिकडे कोळशाची भुकटी उडत होती."

समोवारातून कोळसा गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"तुम्ही इथे कसे?" ती म्हणाली.

"आंघोळीला आलोय."

"पाणी बंद आहे."

"माहीत आहे."

"मीच केलंय."

"तेही माहीत आहे. आणि तुम्ही कशा तिकडे?"

ग्लाशाने पिशवी खाली ठेवली, परत उचलली. "विसरले," ती म्हणाली. अख्ख्या शहराचं पाणी बंद करणारी बाई म्हणते, विसरले. मला हसू आवरेना म्हणून मी भांडी घासायला वळले.

"अनापाचं तिकीट मी परत दिलं," पाठीमागून त्याचा आवाज आला. "पाइप नवा आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायला माणूस हवा."

"आणखी किती दिवस?"

"पाइप टिकेल तोवर."

"तो मी स्वतः तपासून घेतलाय. वीस वर्षं तरी टिकेल."

"मग वीस वर्षं," रोदिओन कुझ्मिच म्हणाला.

घासलेलंच भांडं मी पुन्हा घासत होते, आणि माझ्या डोळ्यांत कुठल्या कोळशाची भुकटी गेली ते देव जाणे. तो पाइप पुढे वीस वर्षांहून थोडा जास्तच टिकला. तो उकरून नवा घातला तेव्हा रोदिओन कुझ्मिच काठी टेकत खड्ड्याच्या कडेला उभा होता. बायकोकडे वळून म्हणाला, "चला, आता याची मुदत सुरू." पण ते पुढचं.

त्या दुपारी मी ग्लाशाला विचारलं, "मग आंघोळीचं काय? दोघंही टॉवेल घेऊन हिंडताय." आणि त्यांना माझं कॅन्टीनचं सगळ्यात मोठं पातेलं दिलं. ते दोघांनी दोन कानांनी धरून वर नेलं. केकचं खोकं माझ्याकडेच राहिलं. पिरोगही राहिला. वर गॅस पेटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसतं बोलणं, मग घंगाळ सरकलं. ती स्वयंपाकघरात घंगाळावर वाकली होती आणि तो मगाने तिच्या केसांवर पाणी घालत होता, हे मला न बघता कळलं, कारण ती ओरडली, "अहो, कानात नको," आणि मग दोघं हसायला लागली. वरच्या फरशीवर मला दोन माणसांची पावलं ऐकू येत होती. मी हात पुसून नुसती ऐकत बसले. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात टप्पकन टेबलावर थेंब पडला. स्वयंपाकघराच्या छतातून. इतक्या वर्षांत न्हाणीघरातून ठिबकलं, इथून कधीच ठिबकलं नव्हतं. दुसरा थेंब केकच्या खोक्यावर पडला. मी उठले, खुंटीवरची पळी काढली, पाइपपाशी गेले. मग पळी परत खुंटीला लावली, थेंबाखाली एक वाडगा ठेवला आणि पिरोग कापायला घेतला.

वरून पाइपवर दोनदा ठणठण झाली. मी काही वाजवलंच नव्हतं.